पाण्याला वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



'हरित इमारती' या विषयावर बोला, असा आकाशवाणीतून फोन आला तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तेही मराठी घेऊन. इमारतींवर बोलायला एखाद्या आर्किटेक्टला बोलवा की." पलीकडून उत्तर आलं, "ते नेहमी बोलतातच. तुम्ही त्या इमारती हिंडून पाहिल्यात असं कळलं. जे पाहिलंत ते सांगा." मग मी हो म्हणालो. तसा या विषयाशी माझा दोन्ही बाजूंनी संबंध आहे. माझे वडील गवंडी होते आणि माझी मुलगी कॉलेजात वास्तुरचना शिकवते. मधला मी. मी आयुष्यात एकच खोली बांधली आणि तीही चुकीच्या जागी. आजचं बोलणं त्या खोलीपासूनच सुरू करतो.

आमचं घर सांगलीच्या जुन्या गावात, कृष्णेच्या अंगाला. अब्बांनी ते १९६४ साली स्वतःच्या हातानं बांधलं. पुढं ओटा, मग सोपा, मधे लहानसा चौक, चौकात डाळिंबाचं झाड, पलीकडं माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागं परस. परसात कडुलिंब. घराचं जोतं काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं. बाहेरच्या भिंती भाजक्या विटांच्या. आतल्या आडभिंती मात्र कच्च्या विटांच्या, कारण तेवढ्यात पैसे संपले होते. वर सागवानी वासे आणि मंगलोरी कौलं. चौकात पडलेलं पावसाचं पाणी दगडी मोरीतून परसात जायचं. बरंचसं तिथल्या मातीत जिरायचं आणि उरलेलं मागच्या ओघळीनं ओढ्याकडं वाहायचं.

अब्बांना लिहिता-वाचता बेताचंच येत होतं. पण कुणाचंही घर बांधायला घेण्याआधी ते भर पावसात त्या जागेवर जाऊन उभे राहत. छत्री धरून नुसते उभे. कुणी विचारलं तर म्हणत, "पानी किधर कू जाता वो देखतूं." आमच्या घरची बोली दखनी. त्या बोलीतलं त्यांचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. "पानी कू रस्ता दे बेटा, नैं तो वो खुद बना लेता." पाण्याला वाट दे, नाहीतर ते स्वतःची वाट स्वतः काढतं.

ऐकत आलो होतो म्हणजे नुसतं ऐकत आलो होतो. १९९७ साली मला लिहायला-वाचायला वेगळी खोली हवीशी वाटली. कवीला खोली पाहिजे असं तेव्हा वाटायचं. परसात जागा होती. मी तिथं स्लॅबची खोली बांधली, ओघळीच्या अगदी तोंडावर. पाण्यासाठी चार इंची पाइप टाकला आणि काम भागलं असं समजलो. उरलेल्या परसात आणि चौकात शहाबादी फरशी घातली. चिखल नको, पालापाचोळा नको. डाळिंबाभोवती हातभर माती तेवढी ठेवली. अब्बा तेव्हा थकले होते. खोलीत आले, भिंतीवर हात फिरवला, मागच्या खिडकीतून खाली पाहिलं आणि काही न बोलता बाहेर गेले. मला वाटलं, त्यांना काम आवडलं. २००३ साली ते गेले.

दोनच वर्षांनी, २००५ च्या पावसाळ्यात महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या सोप्यात पाणी आलं आणि गेलं. घर उभं राहिलं. लोक म्हणाले, असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येत नाही. आम्हीही तसंच म्हणालो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कोयना भरलेली, वारणा भरलेली, खाली अलमट्टीचं पाणी, आणि वर पावसाला खंड नाही. आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या पुढं गेली. आम्ही रात्री बोटीतून बाहेर पडलो आणि मिरजेला नातेवाइकांकडं गेलो. कवितांच्या वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. पुस्तकं खालच्या फडताळात होती, ती गेली. आठवड्यानं परत आलो तर कच्च्या विटांच्या दोन आडभिंती विरघळून गेल्या होत्या. जिथं भिंत होती तिथं मातीचा ढीग. दगडी जोतं मात्र जसंच्या तसं.

पण मला जे लागलं ते वेगळंच. गल्लीतलं पाणी उतरलं, शेजाऱ्यांच्या अंगणातलं उतरलं, आणि आमच्या चौकात आणखी तीन दिवस गुडघाभर पाणी साचून राहिलं. का, ते शोधायला फार वेळ लागला नाही. चार इंची पाइप गाळानं बुजला होता आणि ओघळीच्या तोंडावर माझी खोली बसली होती. पूर नदीनं आणला हे खरं. पण त्यातले शेवटचे तीन दिवस मी स्वतः बांधून ठेवले होते.

त्यानंतर घरात तेच सुरू झालं जे तेव्हा सांगलीतल्या शेकडो घरांत चाललं होतं. मुलगा म्हणाला, "अब्बू, हे विकू या आणि वर विश्रामबागेकडं फ्लॅट घेऊ." ओळखीच्या एका ठेकेदारानं सल्ला दिला की सगळं पाडा, कडेकोट काँक्रीट करा, अंगणात पेव्हर ब्लॉक टाका, वर्षानुवर्षं बघायला नको. पत्नीला डाळिंब सोडवत नव्हतं. मुलगी तेवढी गप्प होती. शेवटी ती म्हणाली, "फेब्रुवारीत मी माझी मुलं घेऊन अभ्यास-सहलीला जाणार आहे. निसर्गाला धरून बांधलेल्या इमारती बघायला. गाडीत एक जागा रिकामी आहे. तुम्ही चला. बघून या आणि मग ठरवा."

असा मी, पंचेचाळीस पोरापोरींच्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसून, फेब्रुवारी २०२० मध्ये इमारती बघायला निघालो.

बसमध्ये मुलगी विद्यार्थ्यांना लॉरी बेकर यांच्याविषयी सांगत होती. जन्मानं इंग्रज, पण आयुष्य भारतात घालवलेले, केरळात शेकडो स्वस्त आणि देखणी घरं बांधणारे हे आर्किटेक्ट २००७ साली गेले. तरुणपणी त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. गांधीजींनी त्यांना सुचवलं की खेड्यातलं आदर्श घर आसपासच्या पाच मैलांत मिळणाऱ्या सामानातून उभं राहिलं पाहिजे. बेकर यांनी ते आयुष्यभर सांभाळलं. विटा आडव्या रचण्याऐवजी उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. त्यानं सुमारे चौथाई विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळं घरात ऊन कमी शिरतं. मी मनात म्हटलं, आमच्या अब्बांचे दगड, वाळू, चुना, माती सगळं पाच नाही तरी पंधरा-वीस मैलांतलंच असायचं. त्यांनी ते तत्त्व म्हणून केलं नव्हतं. लांबून आणायला पैसे नव्हते.

पहिला मुक्काम साताऱ्याजवळचं लिंब. महामार्ग सोडून आत वळलं की हे गाव येतं आणि तिथली 'बारा मोटांची विहीर'. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. अष्टकोनी, सुमारे ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल. आसपासच्या आमराईला पाणी देण्यासाठी एका वेळी बारा मोटा चालवण्याची सोय.

विहीर म्हणून पाहायला गेलो आणि पाहिली एक इमारत. रुंद पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेलं की मुख्य विहीर आणि तिला जोडलेली लहान विहीर या दोहोंच्या मधे चक्क एक महाल आहे. दगडी खांब, त्यांवर कोरलेली शिल्पं, बसायला जागा आणि दोन्ही बाजूंना पाणी. वर ऊन तापलेलं, खाली गारवा. पंखा नाही, यंत्र नाही. चोहोबाजूंनी माती, खाली पाणी आणि पाण्यावरून येणारी हवा, एवढंच. एका विद्यार्थ्यानं खिशातून लहानसं तापमापक काढलं. आकड्यांची वहीत नोंद झाली. मी तिथल्या गार दगडावर हात ठेवून बसलो.

मुलगी विद्यार्थ्यांना विचारत होती, "यात इमारत कुठं संपते आणि बाग कुठं सुरू होते, सांगा." पोरं गोंधळली. आणि खरंच सांगता येईना. विहीर आमराईसाठी, आमराईनं जमीन धरून ठेवलेली, जमिनीतलं पाणी विहिरीला, विहिरीच्या गारव्यात महाल. एकातून दुसरं काढता येत नाही. आजकाल 'लँडस्केप' म्हणजे इमारत पूर्ण झाल्यावर उरलेल्या पैशांत टाकलेली हिरवळ आणि कुंड्यांतली झाडं. इथं आधी पाण्याचा विचार झाला होता आणि इमारत त्या विचाराच्या पोटातून निघाली होती.

तिथून वाईकडं, मेणवलीला. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आणि त्याच्या मागं कृष्णेचा घाट. 'स्वदेस' चित्रपटात अनेकांनी हा घाट पाहिला असेल. घाटावर मंदिरं आहेत आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. विद्यार्थी वाड्यात रमले. जाड भिंती, एकापुढं एक चौक, चौकातून वर निघून जाणारी गरम हवा, भिंतींवरची चित्रं. मी घाटाच्या वरच्या पायरीवर बसलो. ही आमचीच कृष्णा. महाबळेश्वरहून नुकतीच खाली आलेली, अजून अंगानं बारीक. हीच पुढं कोयनेला घेऊन आमच्या दारात येते.

बसल्या बसल्या लक्षात आलं की घाट ही फार शहाणी गोष्ट आहे. आपण घाटाकडं धार्मिक म्हणून बघतो, सुंदर म्हणून बघतो. पण घाट म्हणजे नदी आणि घर यांच्यामधली, दोघांनी मिळून वापरायची जागा. उन्हाळ्यात माणसं खाली उतरतात, पावसाळ्यात नदी वर चढते. दगड भिजतो, सुकतो, त्याचं काही बिघडत नाही. ज्यांनी बांधलं त्यांनी नदीला 'येऊ नको' असं सांगितलेलं नाही. कुठवर यायचं त्याच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत. सांगलीतही हेच होतं. चिंतामणराव पटवर्धनांनी बांधलेलं, १८४४ साली पूर्ण झालेलं आमचं गणपती मंदिर नदीपासून किती जवळ आहे! पण ते काळ्या दगडाचं आहे. नदी येणार हे गृहीत धरून तेव्हाचे लोक नदीकाठी राहत होते.

दुसऱ्या दिवशी पुणे. हडपसरला 'वन अर्थ' नावाचा कार्यालयांचा परिसर आहे. सुझलॉन या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीनं २००९ साली तो उभारला. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर. जन्मानं अमेरिकन, पण अनेक दशकं पुण्यात राहिलेले. २०२४ साली ते गेले. 'लीड' ही अमेरिकी आणि 'ग्रिहा' ही आपली भारतीय, अशा हरित इमारतींना गुण देणाऱ्या दोन पद्धती आहेत. ऊर्जा किती वाचली, पाणी किती पुन्हा वापरलं, सामान कुठून आणलं, याचे गुण मोजून प्रमाणपत्र मिळतं. या परिसराला दोन्हींतलं वरच्या श्रेणीचं मिळालं आहे.

मी थोडा तिरकस मनानं गेलो होतो. हरित म्हणून जाहिरात केलेल्या काचेच्या पेट्या मी पाहिल्या होत्या. दिवसाढवळ्या आत दिवे लावलेले, खिडकी उघडत नाही आणि दारात दोन पामची झाडं. ही तशी निघाली नाही. सुमारे दहा एकरांच्या परिसरात जमिनीलगत पसरलेल्या बैठ्या इमारती, तीन मजल्यांच्या आतल्या. मधोमध मोठा उघडा चौक आणि त्यात पाणी. हो, चौक! वाड्याचाच, फक्त मोठा. काचांच्या बाहेर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या आहेत. त्या ऊन अडवतात आणि उजेड आत सोडतात. आपल्याकडच्या जाळीचं काम हेच. विजापूरच्या आदिलशाही इमारतींत दगडाची जाळी जे करते ते इथं धातूच्या पट्ट्या करतात. बहुतेकांच्या टेबलापर्यंत दिवसाचा उजेड येतो. पावसाचं पाणी साठवतात आणि जिरवतात, सांडपाणी शुद्ध करून बागेला आणि फ्लशला वापरतात. आवारातच लहान पवनचक्क्या आणि सौर पॅनेल आहेत. त्यांतून मिळणारी वीज मात्र एकूण गरजेचा लहान भाग आहे. उरलेल्या विजेची भिस्त बाहेरच्या पवनचक्क्यांवर ठेवून आखणी केली होती.

पवनचक्क्यांचं नाव निघाल्यावर बसमधली पाटणची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या वनकुसवड्याच्या पठारावर याच कंपनीच्या आहेत." कोयनेच्या वर ते पठार आहे. लहानपणी ती पाती मोजत शाळेत जायची. मला मजा वाटली. पुण्यातल्या इमारतीचा दिवा साताऱ्याच्या वाऱ्याशी असा जोडला जाऊ शकतो. इमारत कुंपणापाशी संपत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. तिचं सामान कुठल्या डोंगरातून येतं, तिचं पाणी कुठल्या ओढ्यात जातं, तिची वीज कुठल्या पठारावरून येते, एवढ्या सगळ्या गावांवर ती उभी असते.

परतीच्या प्रवासात मी मुलीला विचारलं, "हे मोठ्या कंपन्यांना परवडतं, आपल्यासारख्यांचं काय?" तेव्हा तिनं हसन फतही या इजिप्तच्या वास्तुरचनाकाराची गोष्ट सांगितली. चाळीसच्या दशकात त्यांच्यावर एक गाव नव्यानं वसवायची जबाबदारी आली. त्यांनी मातीच्या विटांची घरं बांधायचं ठरवलं, पण लाकडाशिवाय मातीचा घुमट कसा उभारायचा हे शिकलेल्यांपैकी कुणाला येईना. मग ते नूबिया भागात गेले. तिथल्या गवंड्यांना ते परंपरेनं येत होतं. त्यांना आणलं आणि त्यांच्याकडून सगळे शिकले. नवं गुर्ना हे गाव सुंदर झालं, जगभर नावाजलं गेलं. पण ज्यांच्यासाठी बांधलं त्यातले बहुतेक लोक तिथं राहायला गेलेच नाहीत. त्यांना आपली जुनी जागा सोडायची नव्हती.

मुलगी म्हणाली, "अब्बू, यात दोन गोष्टी आहेत. ज्ञान गवंड्याकडं असतं ही एक. आणि राहणाऱ्याला विचारल्याशिवाय चांगलं घरसुद्धा वाया जातं ही दुसरी. म्हणून मी तुम्हाला काही सांगत नाही. तुम्हीच ठरवा."

मी बसमध्येच ठरवलं. पण मग मार्च महिना आला, टाळेबंदी लागली आणि सगळंच थांबलं. काम सुरू व्हायला २०२० ची दिवाळी उजाडली.

पहिलं काम म्हणजे माझी खोली पाडली. तेवीस वर्षांपूर्वी हौसेनं बांधलेली. घण पडत होता तेव्हा मी मुद्दाम समोर उभा राहिलो. ओघळ पुन्हा उघडी केली, रुंद केली आणि तिच्या कडांना दगड लावले. शहाबादी फरशी उपटली. चौकात कडेनं चालण्यापुरती ठेवली आणि मधे माती मोकळी केली. कौलांवरचं पाणी पन्हाळीनं एका टाकीत घेतलं आणि टाकी भरली की उरलेलं परसातल्या शोषखड्ड्यात. पुराच्या वेळी शोषखड्डा काही कामाचा नसतो, तेव्हा जमीनच भरलेली असते. पण एरवीच्या पावसाचं आणि उन्हाळ्याच्या विहिरींचं काम तो करतो.

दुसरा प्रश्न भिंतींचा. मातीची घरं उन्हाळ्यात गार असतात हे खरं, पण पुराच्या पाण्यात कच्ची वीट विरघळते हेही आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. माणदेशात जे माळवदाचं घर शोभतं ते कृष्णाकाठी शोभेलच असं नाही. म्हणून पुराच्या खुणेच्या वरपर्यंत आडभिंती दगडाच्या आणि भाजक्या विटांच्या, चुन्यात बांधायचं ठरवलं. विजेचे सगळे बोर्ड छातीच्या वर नेले. माळा मजबूत केला, शिडी कायमची बसवली.

चुन्यात काम करणारा मिस्त्री शोधायला दीड महिना गेला. तरुण मिस्त्री हसायचे. "सर, सिमेंट असताना चुना कशाला?" शेवटी कर्नाळच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री मिळाले. त्यांनी लहानपणी चुन्याच्या घाणीवर बैल हाकलेला. दगडी चाक गोल खड्ड्यातून फिरतं आणि त्याखाली चुना, वाळू, विटांची सुरखी मळली जाते, ती घाणी. आता घाणी कुठून आणणार? खड्ड्यात चुना महिनाभर मुरवला. गुळाचं पाणी आणि हिरडा घालून मिश्रण केलं. त्यांच्याबरोबर दोन तरुण पोरं ठेवली. बोटावर मिश्रण घेऊन ते पोरांना दाखवत, "हे बघ, असं लोण्यासारखं आलं पायजे." अब्बा बरोबर असंच करायचे. मी तिथून उठून आत गेलो.

चुना कशाला, याचं उत्तर मला आता देता येतं. जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड माणूस हवेत सोडतो त्यातला सुमारे सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. चुन्यालाही भट्टी लागते, पण ती सिमेंटपेक्षा कमी तापमानाची, आणि घट्ट होताना चुना त्यातला काही वायू हवेतून परत घेतो. शिवाय चुन्याची भिंत श्वास घेते. भिजली तर हळूहळू सुकते, ओल आत कोंडून ठेवत नाही. पूल, धरणं, दवाखाने यांना सिमेंट लागणारच. पण प्रत्येक अंगणाला ते लागत नाही. आणि आमच्या कामात सगळ्यात हरित गोष्ट कुठली असेल तर जे चांगलं होतं ते आम्ही पाडलं नाही. जोतं तेच, वासे तेच, तीन हिश्श्यांहून अधिक कौलं तीच. मजुरी जास्त गेली, सामान कमी लागलं. हिशेब जवळपास सारखाच आला, फक्त पैसा कंपन्यांऐवजी माणसांच्या हातात पडला.

काम मे २०२१ मध्ये संपलं. आणि जुलैमध्ये पुन्हा पूर आला.

परीक्षा इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. पातळी ५५ फुटांच्या आसपास गेली. आम्ही या वेळी वेळेवर सामान माळ्यावर टाकलं आणि मिरजेला गेलो. पाणी घरात आलं. ते येणारच होतं. नदी एका घराचं ऐकत नाही. पण गल्लीतलं पाणी उतरलं त्याच दिवशी चौकातलंही उतरलं. भिंती उभ्या होत्या. आम्ही गाळ काढला, दारं-खिडक्या उघडून ठेवल्या. महिन्या-दीड महिन्यात भिंती सुकल्या. डाळिंबाच्या खोडाला छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती. मागच्या घरातल्या वहिनी पत्नीला म्हणाल्या, "भाभी, या वेळी आमचं परससुद्धा लवकर मोकळं झालं." ओघळ त्यांच्या परसातूनही जाते. म्हणजे तेवीस वर्षं माझ्या कवितेच्या खोलीची किंमत त्यांनीही मोजली होती. मला कधी बोलल्या नाहीत.

सोळा वर्षांत तीन महापूर. नकाशावर पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. नदीनं हा हिशेब वाचलेला नाही. आणि आपण तो वाचूनही ओढ्यांवर भराव टाकतो, नाल्यांची तोंडं बांधून काढतो, सखल शेतांत प्लॉट पाडतो. प्रत्येकाची एक खोली असते, कुणाची लहान, कुणाची पाच मजली. मुलाचं म्हणणंही मला आता पटतं. काही जागा अशा आहेत की तिथून माणसानं उठून जाणं आणि ती नदीला परत देणं हीच सगळ्यात मोठी हरित रचना ठरेल. आमच्या घरावर ती वेळ आली तर आम्हीही उठू. अजून आलेली नाही, म्हणून राहतो आहोत, पायरीवर राहिल्यासारखे.

मंडळी, हरित इमारती बघायला पुण्या-हैदराबादला जरूर जा. लिंबला जा, मेणवलीला जा. त्याआधी एक करा. येत्या पावसाळ्यात पहिली जोराची सर आली की छत्री घ्या आणि स्वतःच्या दारात दहा मिनिटं उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठं अडतं आणि कुणाच्या घरात जातं ते बघा. आपण अडवलं असेल तर ते आपल्यालाच मोकळं करता येतं. त्याला प्रमाणपत्र लागत नाही.

मी आता सोप्यात बसून लिहितो. चौक समोर असतो. पावसात कागदावर थोडे शिंतोडे येतात, तेवढं चालतं.